जुन्या रिव्हॉल्व्हरचे साल

खंडाळ्यातील जुन्या बंगल्यांची मालकी आजोबांकडून मुलांकडे आणि मुलांकडून नातवंडांकडे जात असताना जमीन, झाडे, शिसवी फर्निचर आणि चिनी मातीची भांडी यांच्या जोडीने काही घरांत अशी एक वस्तू वारसांच्या हाती येते, जिची परस्पर वाटणी करता येत नाही, जी मोकळेपणाने विकता येत नाही आणि जी नुसती कपाटात ठेवून देणे हाही गुन्हा ठरू शकतो. ती वस्तू म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावरचे रिव्हॉल्व्हर. ते नेमके केव्हा बनले हा प्रश्न वरवर हौशी संग्राहकाचा वाटतो. परंतु शस्त्र परवान्याचे हस्तांतर, शस्त्राची कायदेशीर वर्गवारी आणि घराण्यात सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीची सत्यता या तिन्ही गोष्टी अखेर त्याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

हा प्रश्न अलीकडे निकडीचा झाला त्याला कारण आहे. शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने येणारी शस्त्रेही याच मर्यादेत बसवली. ज्या घरात आजोबांची शिकारीची दुनळी, वडिलांची रायफल आणि पणजोबांचे रिव्हॉल्व्हर अशी तीन शस्त्रे एकाच नावावर होती, त्या घराला त्यांतले एक सोडणे भाग पडले. कोणते सोडावे हे ठरवायचे तर प्रत्येकाचे मोल कळायला हवे, आणि जुन्या शस्त्राचे मोल त्याच्या वयावाचून कळत नाही. परवान्याच्या पुस्तिकेत मात्र वयाचा रकाना नसतो. तिथे शस्त्राचा प्रकार, बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास, बनावट आणि क्रमांक एवढेच लिहिलेले असते.

घाटमाथ्यावर शस्त्रे कशी आली

बोरघाटातून रेल्वे नेण्याचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पूर्ण झाले. त्या काळात इंग्रज अभियंते, कंत्राटदार आणि त्यांचे मुकादम घाटाच्या दोन्ही अंगांना राहत होते. गाडी थेट धावू लागल्यावर मुंबईच्या उकाड्यातून दोन-चार महिने सुटका करून घेणाऱ्या धनिकांनी, विशेषतः पारशी घराण्यांनी, खंडाळा आणि लोणावळा येथे बंगले बांधले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथे धरणे झाली, त्या कामावरही देशी-विदेशी तंत्रज्ञांची वस्ती पडली. भोवती दाट जंगल, शेजारी दूरवर, आणि पावसाळ्यात रिकाम्या बंगल्यावर एकटा माळी, अशा परिस्थितीत घरात शस्त्र असणे त्या वर्गाला स्वाभाविक वाटे.

स्वाभाविक वाटे, पण ते सर्वांना सारखे उपलब्ध नव्हते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि त्याखालच्या नियमांनी युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. या भेदाचा परिणाम आजच्या शोधावरही होतो. हिंदी मालकाच्या शस्त्राचा मागोवा निदान परवान्यापासून घेता येतो. साहेबाच्या शस्त्राची त्या काळातली नोंद बहुधा मिळतच नाही, आणि ते शस्त्र हिंदी मालकाकडे आल्यावरच प्रथम कागदावर उमटते. म्हणून ‘परवाना १९३० सालचा आहे, तेव्हा रिव्हॉल्व्हरही त्याच साली घेतलेले नवे असणार’ हा तर्क घाटमाथ्यावर तरी टिकत नाही. परवान्याचे साल शस्त्र केव्हा नोंदले गेले एवढेच सांगते.

शस्त्राच्या आयुष्यात खरे तर चार निरनिराळ्या तारखा असतात. एक रचनेची, म्हणजे त्या नमुन्याचे पेटंट घेतले किंवा तो लष्कराने स्वीकारला ती. दुसरी प्रत्यक्ष घडणीची. तिसरी दाब-चाचणीची, म्हणजे शस्त्र सुरक्षित आहे हे पाहून त्यावर सरकारमान्य ठसा उमटवल्याची. आणि चौथी विक्रीची. जुन्या शस्त्रांविषयी होणारे बहुतेक घोळ यांपैकी एका तारखेला दुसरी समजल्यामुळे होतात.

नळीवरचा पत्ता

भारतात सर्वाधिक आढळणारे जुने विलायती रिव्हॉल्व्हर बर्मिंगहॅमच्या वेबली कारखान्याचे. ते हातात घेतले, आणि ते हातात घेणारा परवानाधारक शस्त्र-दुकानदार किंवा पोलिसांचा शस्त्रदुरुस्तीकार असावा, तर त्याने पहिल्याने करायची गोष्ट म्हणजे ते रिकामे असल्याची खात्री. वेबलीच्या ‘मोडत्या’ रचनेत घोड्याच्या पुढची रिकिबीच्या आकाराची कळ अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते आणि सिलिंडर, म्हणजे सहा काडतुसांचे फिरते कोठार, उघडे पडते; त्याच झटक्यात मधली चांदणी वर येऊन काडतुसे बाहेर फेकते. कोठार रिकामे दिसल्यावर मग भिंग आणि तिरका प्रकाश. समोरून टाकलेल्या उजेडात झिजलेली अक्षरे दिसत नाहीत; दिव्याचा झोत जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरला की खाचांत सावली पडते आणि ठसा वाचता येतो. खडूची पूड बोटाने हलकेच चोळल्यास तीही खाचांत बसून अक्षर पांढरे उमटते.

नळीच्या वर किंवा कोठारावरच्या पट्टीवर कारखान्याचे नाव असते, आणि ते नाव कसे लिहिले आहे यावरून काळाची पहिली चौकट मिळते. ‘पी. वेबली अँड सन’ असे नाव असेल तर शस्त्र १८९७ पूर्वीच्या घडणीचे समजावे, कारण त्या वर्षी ही पेढी डब्ल्यू. अँड सी. स्कॉट आणि रिचर्ड एलिस या पेढ्यांशी एकत्र होऊन ‘वेबली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी’ झाली. १९०६ साली हे लांबलचक नाव आटोपून ‘वेबली अँड स्कॉट लिमिटेड’ एवढेच राहिले. मधले लांब नाव सापडले तर शस्त्र साधारण नऊ वर्षांच्या पट्ट्यात येते, आणि एवढ्या जुन्या वस्तूच्या बाबतीत नऊ वर्षांचा पट्टा ही मोठी प्राप्ती आहे.

पुष्कळदा कारखान्याच्या नावाखेरीज विक्रेत्याचेही नाव कोरलेले आढळते. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी ही १८७१ साली लंडनला निघालेली संस्था हिंदुस्थानात येणाऱ्या अधिकाऱ्यांना पलंगापासून पिस्तुलापर्यंत सर्व काही पुरवीत असे. मुंबईतही तिचे दुकान होते आणि काळा घोडा येथील तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. १९३४ मध्ये या संस्थेने नावातला ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ हा भाग गाळला, म्हणून तो भाग ज्या शस्त्रावर आहे ते त्यापूर्वी विकले गेले असे म्हणता येते. तरीही ही विक्रीची खूण आहे, घडणीची नव्हे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला मालही विकला जातच होता.

अमेरिकन शस्त्रांची तऱ्हा वेगळी. कोल्ट कारखान्याच्या ‘पोलीस पॉझिटिव्ह’ या .३२ आणि .३८ बोअरमध्ये निघालेल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर हार्टफर्डच्या पत्त्यापाठोपाठ ५ ऑगस्ट १८८४, ५ जून १९०० आणि ४ जुलै १९०५ अशा तारखा ओळीने ठोकलेल्या असतात. घरातल्या मंडळींना त्यातली पहिली तारीख दिसते आणि रिव्हॉल्व्हर एकदम १८८४ चे होते. या तारखा पेटंटांच्या आहेत. शेवटची तारीख घोड्याला आपोआप अडवणाऱ्या सुरक्षायंत्रणेच्या पेटंटची, आणि हा नमुना बाजारात आला १९०७ च्या सुमारास. पेटंटांची यादी नेहमी शेवटून वाचावी असा यातला नियम आहे: शस्त्र शेवटच्या तारखेपूर्वीचे असू शकत नाही, नंतरचे कितीही असू शकते. पुढच्या काळातील कोल्टवर ५ ऑक्टोबर १९२६ ही तारीख वाढलेली आढळते. तिचे असणे किंवा नसणे हाही पुरावा आहे.

क्रमांक कोणता खरा

सर्वांत नेमका पुरावा म्हणजे अनुक्रमांक. कारखान्यात शस्त्रांना ओळीने दिलेला हा आकडा त्या त्या नमुन्याच्या ज्ञात क्रमांकांशी ताडून पाहिला की घडणीचे वर्ष, कधी कधी महिनाही, हाती लागतो. अडचण अशी की जुन्या रिव्हॉल्व्हरवर एकापेक्षा अधिक आकडे असतात आणि परवान्यात लिहिलेला आकडा दर वेळी अनुक्रमांकच असतो असे नाही.

स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर हे याचे ठळक उदाहरण. त्यांचा खरा अनुक्रमांक जुन्या नमुन्यांत मुठीच्या तळाशी असतो. मूठ मोठ्या लाकडी दस्त्याने झाकली असेल तर तो दिसतच नाही; उलट कोठार बाजूला काढले की ज्या दांडीवर ते झुलते तिच्याखालच्या खोबणीत एक आकडा लगेच नजरेस पडतो. हा दुसरा आकडा कारखान्यातील जुळणीचा आहे, म्हणजे पॉलिशला पाठवलेले सुटे भाग पुन्हा त्याच चौकटीवर बसावेत म्हणून केलेली कामगारांची खूण. तो परवान्यात अनुक्रमांक म्हणून चढला, की पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात तोच उतरवला जातो, आणि वारस जेव्हा परदेशी कारखान्याकडे चौकशी करतो तेव्हा त्या आकड्याचे शस्त्र तिथल्या वहीत भलतेच निघते. वेबलीवर पेटंटाचा आकडाही असू शकतो आणि त्याचीही अशीच गफलत होते. देशभरच्या शस्त्र परवान्यांचा संगणकीय नोंदपट झाल्यापासून प्रत्येक परवानाधारकाला एक स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. या नोंदपटात शस्त्राचा चुकीचा आकडा एकदा गेला की तो दुरुस्त करणे हे जुन्या वहीत खाडाखोड करण्याइतके सोपे राहत नाही.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे चौकट, नळी आणि कोठार यांवरचे आकडे एकमेकांशी जुळतात का. लष्करी वापरातील शस्त्रांचे भाग दुरुस्तीत बदलले जात. एका शस्त्राचे कोठार दुसऱ्यावर बसे. आकडे जुळत नसतील तर चौकटीचे वय हे शस्त्राचे वय धरतात, कारण कायद्याच्या आणि संग्राहकांच्या अशा दोन्ही दृष्टींनी चौकट हाच शस्त्राचा देह आहे.

प्रूफ हाउसचे ठसे

इंग्लंडात बनलेले कोणतेही बंदूकजातीचे शस्त्र विक्रीपूर्वी प्रूफ हाउसमध्ये न्यावे लागे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून नळी आणि कोठार तपासत आणि टिकल्यास त्यावर ठसा मारत. लंडनचे प्रूफ हाउस बंदूककारांच्या संघाचे, तर बर्मिंगहॅमचे १८१३ च्या संसदीय कायद्याने स्थापन झालेले. बर्मिंगहॅमच्या जुन्या ठशात मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत अक्षरे असतात. १९०४ साली ही पद्धत बदलली आणि मुकुटाखाली ‘बी.पी.’, ‘बी.व्ही.’ आणि बिनधुराच्या दारूसाठी ‘एन.पी.’ असे साधे ठसे आले. म्हणून राजदंडांची फुली दिसली की शस्त्र त्या बदलापूर्वीचे, असा अंदाज बांधता येतो. १९२१ पासून बर्मिंगहॅमच्या तपासनिसांनी एका लहान चिन्हात वर्षाचे अक्षरही घालायला सुरुवात केली. हे अक्षर सापडले तर चाचणीचे वर्ष जवळजवळ निश्चित होते, पण ते सगळ्या शस्त्रांवर नसते.

इंग्रजी घाटाची कित्येक लहान रिव्हॉल्व्हरे प्रत्यक्षात बेल्जियममध्ये बनलेली आहेत. वेबलीच्या ‘बुलडॉग’ या १८७० च्या दशकातील आखूड नळीच्या नमुन्याच्या असंख्य नकला लिएज शहरात निघाल्या आणि स्वस्तात जगभर गेल्या. त्यांवर लंबवर्तुळात ‘ई.एल.जी.’ ही अक्षरे असतात. या लंबवर्तुळावर मुकुट आहे की नाही हे पाहावे, कारण तो मुकुट १८९३ मध्ये आला. आजोबांचे ‘वेबली’ बेल्जियन निघाले तर वारसांना वाईट वाटते, परंतु त्यामुळे वस्तूचा इतिहास कमी होत नाही, उलट तो अधिक खरा होतो.

ठशांमध्ये सर्वांत फसवे ते उशिरा मारलेले. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेल्या .३८ वेबलींवर वेळ आणि श्रम वाचवण्यासाठी पृष्ठभागाचे पॉलिश केलेले नसे, आणि हे खडबडीतपण कारखान्याची हयगय वाटू नये म्हणून चौकटीवर ‘वॉर फिनिश’ असे शब्दच ठोकलेले असत. लष्कराची शस्त्रे लष्करातच तपासली जात. पुढे ती निरुपयोगी माल म्हणून बाजारात काढली तेव्हा त्यांना नागरी प्रूफ हाउसचा ठसा घ्यावा लागला. १९५४ च्या नियमांनंतर या ठशात दाबाचा आकडा टनांत लिहीत. त्यामुळे ‘वॉर फिनिश’ आणि साडेतीन टनांचा ठसा एकाच शस्त्रावर शेजारी शेजारी दिसतात. पहिली खूण घडणीची आणि दुसरी, कदाचित दहा-पंधरा वर्षांनंतरच्या, चाचणीची. ज्याने फक्त दुसरी पाहिली तो महायुद्धातील शस्त्राला स्वातंत्र्यानंतरचे ठरवील.

भारतात आलेल्या लष्करी शस्त्रांवर आणखी एक खूण शोधावी. ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण म्हणजे रुंद फाळाचा बाण. त्याच्याबरोबर ‘आय’ हे अक्षर असेल तर ते शस्त्र हिंदुस्थान सरकारच्या साठ्यात गेले होते. अशा शस्त्रावर कधी एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचे नाव आणि त्याखाली स्वच्छ अंकांत सालच सापडते. १९३२ साली स्वीकारलेल्या एनफिल्ड .३८ वर मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, नमुना आणि वर्ष अशी ओळ चौकटीच्या उजव्या बाजूस असते. इतका उघड पुरावा देणारी शस्त्रे थोडी.

नमुन्याचे साल आणि घराण्याची हकिकत

वेबलीच्या लष्करी मालिकेचा पहिला नमुना १८८७ चा, चौथा १८९९ चा, पाचवा १९१३ चा आणि सर्वांत प्रसिद्ध सहावा १९१५ चा. सहाव्याची नळी सहा इंच लांब आणि मुठीचा तळ चौकोनी. आधीच्या नमुन्यांची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी आत वळलेली. नळी आणि मूठ यांच्या आकारावरून जाणकार माणूस दुरूनही नमुना ओळखतो. पण हा नमुना पहिल्या महायुद्धात प्रचंड संख्येने बनला आणि १९२१ ते १९२६ या काळात एनफिल्डलाही बनत राहिला, म्हणून ‘१९१५ चा नमुना’ म्हणजे १९१५ चे शस्त्र असा अर्थ होत नाही.

या फरकाचे महाराष्ट्राला जवळचे उदाहरण दुःखद आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसे याने गांधीजींवर ज्या शस्त्राने गोळ्या झाडल्या ते इटालियन बेरेटा पिस्तूल होते आणि त्याचा क्रमांक ६०६८२४ असा नोंदला गेला आहे. ते रिव्हॉल्व्हर नव्हे. पिस्तुलात फिरते कोठार नसते, काडतुसे मुठीतील पेटीत असतात. या नमुन्याचे नाव ‘मॉडेल १९३४’ आहे, आणि हे रचनेचे साल सर्रास घडणीचे साल म्हणून सांगितले जाते. बेरेटाच्या बाबतीत घडणीचे साल शोधण्याची जागा वेगळी आहे. त्या काळातील पिस्तुलांच्या सरकत्या भागावर इसवी सनाच्या शेजारी रोमन अंकांत मुसोलिनीच्या राजवटीचे वर्ष ठोकलेले असे, आणि ही गणना २८ ऑक्टोबर १९२२ च्या रोमवरील मोर्चापासून सुरू होई. फॅसिस्ट वर्ष ऑक्टोबरअखेर बदले आणि इसवी सन डिसेंबरअखेर; त्यामुळे १९३४ आणि ‘बारा’ अशी जोडी असल्यास पिस्तूल त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरपर्यंतचे आणि १९३४ आणि ‘तेरा’ अशी जोडी असल्यास त्यानंतरच्या दोन महिन्यांतले. दोन कालगणना एकाच पोलादावर असल्या की साल असे महिन्यांपर्यंत आवळता येते.

घराण्याच्या हकिकती तपासण्यासाठीही हीच साधने उपयोगी पडतात. अठराशे सत्तावनच्या धामधुमीत पूर्वजाने वापरलेले म्हणून एखादे रिव्हॉल्व्हर दाखवले जाते. त्या काळची रिव्हॉल्व्हरे, ॲडम्स किंवा कोल्ट, धातूच्या काडतुसांची नव्हती; कोठाराच्या प्रत्येक कप्प्यात समोरून दारू आणि गोळी ठासून मागच्या बोंडीवर टोपी बसवावी लागे. मोडणारी नळी आणि काडतुसे बाहेर फेकणारी चांदणी असलेले वेबली सत्तावनचे असणे शक्य नाही. हे सांगितल्याने पूर्वजाचा पराक्रम खोटा ठरत नाही, फक्त त्याचे शस्त्र हे नव्हते एवढे ठरते. महाराष्ट्राच्या क्रांतिकारक चळवळीत, नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या १९०९ च्या वधापासून १९३१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबईचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांपर्यंत, लहान शस्त्रांना मोठे स्थान आहे, आणि त्या चळवळीशी नाते सांगणाऱ्या प्रत्येक वस्तूला अशी कसोटी लावणे हा त्या माणसांविषयीच्या आदराचाच भाग आहे.

पाऊस, गंज आणि पॉलिश

या सगळ्या खुणा काही दशांश मिलिमीटर खोल असतात आणि त्यांचा सर्वांत मोठा शत्रू खंडाळ्यात आकाशातून पडतो. लोणावळा-खंडाळ्याचा वार्षिक पाऊस सरासरीने चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. जून ते सप्टेंबर धुके घरात शिरते, गाद्या ओल्या लागतात आणि लोखंडाला आठवड्यात तांबूस छटा येते. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात ठेवले असेल तर आणखी वाईट, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि त्यातील कमावणीची द्रव्ये पोलाद खातात. म्यान एका जागी ठेवावे आणि शस्त्र पातळ तेलाचा हात देऊन कोरड्या कापडात वेगळे ठेवावे, ही जुन्या शस्त्रकारागिरांची शिकवण घाटमाथ्यावर अक्षरशः पाळावी लागते.

गंजापेक्षाही अधिक नुकसान होते ते गंज काढताना. चकचकीत दिसावे म्हणून रिव्हॉल्व्हर सॅंडपेपरने किंवा यंत्राच्या चाकावर घासून वर नवा काळा-निळा मुलामा चढवला जातो, आणि त्यात नळीवरचा पत्ता, प्रूफचा ठसा, प्रसंगी अनुक्रमांकही पुसट होतो. संग्राहकाच्या दृष्टीने ही वस्तू संपली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण त्याहून गंभीर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाने शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, बदलणे किंवा बनावट करणे यांना मनाई केली आहे, आणि असे चिन्ह नसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ते पुसले असे गृहीत धरण्याची तरतूद केली आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आजोबांच्या आठवणीला झिलई द्यायला गेलेला नातू असा आरोपीच्या जागी उभा राहू शकतो.

पुसलेला क्रमांक पुष्कळदा परत मिळवता येतो. ठसा मारताना पोलादाचे कण खाचेच्या खालीही दबलेले असतात. वरचा थर घासून गेला तरी तो दाब आत राहतो. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करून त्यावर तांब्याचे क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे द्रावण फिरवतात. दबलेला भाग आणि न दबलेला भाग या द्रावणाने निरनिराळ्या वेगाने झिजतात आणि काही मिनिटे का होईना, आकडे पुन्हा दिसू लागतात. तेवढ्यात त्यांचे छायाचित्र घेतात. गुन्ह्यातील मुद्देमालासाठी हे केले जाते. घरातील हौसेसाठी प्रयोगशाळा उपलब्ध नसते, आणि आम्लाचा घरगुती प्रयोग तर कोणीच करू नये.

वय आणि कायदा

शस्त्र जुने असले म्हणजे परवाना लागत नाही, हा समज खंडाळ्यातही आहे आणि तो धोक्याचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बंदूकविषयक प्रोटोकॉलने पुरातन शस्त्राच्या व्याख्येसाठी १८९९ ही वरची मर्यादा घातली आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात ती १८९८ आहे. भारतात पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याने सामान्यतः शंभर वर्षांची अट ठेवली आहे. परंतु शस्त्र कायद्याचे पंचेचाळिसावे कलम ज्या जुनाट किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट देते, ते दुरुस्तीनेही उडवता न येणारे असले पाहिजे. चालू स्थितीतील वेबली शंभर वर्षांचे झाले म्हणून या कलमात बसत नाही. २०२० साली केंद्रीय गृहमंत्रालयाने दुर्मीळ संग्राह्य वस्तूच्या वर्गात बसणारी लहान शस्त्रे विनापरवाना बाळगण्याची मुभा नागरिकांना दिली. मात्र ती वापरायला किंवा बाहेर नेण्याला परवाना लागतोच, आणि एखादे शस्त्र या वर्गात बसते की नाही हे मालकाने स्वतःच ठरवून मोकळे होणे शहाणपणाचे नाही.

वयापेक्षा बोअरचा प्रश्न कधी कधी अधिक निर्णायक ठरतो. .३८० आणि .४५५ ही ब्रिटिश लष्कराची काडतुसे ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हरे भारतात निषिद्ध बोअरची मानली जातात, आणि म्हणून सहाव्या नमुन्याचे वेबली किंवा एनफिल्ड .३८ सामान्य परवान्यावर येत नाही. नागरी परवान्यांत .३२ बोअरची चलती आहे ती त्यामुळेच. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारे .३२ चे देशी रिव्हॉल्व्हरही वेबलीच्या चौथ्या नमुन्याच्या .३८ वर बेतलेले आहे. घरातील शस्त्राचा नमुना आणि साल कळले की ते मुळात कोणत्या काडतुसासाठी घडले होते हेही कळते, आणि परवान्यातील बोअर बरोबर लिहिला आहे का, याचा पडताळा मिळतो.

खंडाळा लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत येते आणि तिथला परवाना पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळतो. मावळ तालुक्याचा तळेगावकडचा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे गेला असल्याने एकाच तालुक्यातल्या दोन गावांना दोन निरनिराळी दारे ठोठावावी लागतात. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र घरात ठेवण्याचा हक्क आपोआप वारसाकडे येत नाही. शस्त्र कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते आणि त्यानंतर वारसाहक्काने परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. निवडणुकांच्या आधी अनेक परवानाधारकांची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतली जातात, आणि एरवी वर्षानुवर्षे म्यानातून न निघालेली रिव्हॉल्व्हरे अशा वेळी प्रथम उजेडात येतात. जमा करताना जी पावती मिळते तिच्यावरचा आकडा शस्त्रावरच्या आकड्याशी तिथल्या तिथे ताडून घ्यावा.

कारखान्याच्या वह्या

ठसे काळाची चौकट देतात. नेमकी तारीख मिळाली तर कारखान्याच्या वहीतच मिळते. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या जुन्या नोंदींवरून शुल्क घेऊन पत्र देण्याची व्यवस्था अमेरिकेत आहे. अनुक्रमांक आणि छायाचित्रे पाठवली की ते शस्त्र कारखान्यातून कोणत्या दिवशी आणि कोणाकडे रवाना झाले हे कळवले जाते. ही रवानगीची तारीख आहे हे विसरू नये, कारण शस्त्रे क्रमांकाच्या ओळीने बाहेर पडत नसत. कोठारात मागे राहिलेले पुढच्या क्रमांकानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही, रवाना होई. तरीही रवानगी कोणत्या पेढीकडे झाली हे कळणे कधी कधी तारखेपेक्षा मोलाचे ठरते.

रिव्हॉल्व्हरबरोबर सापडलेल्या काडतुसांवरून त्याचे साल काढण्याचा मोह टाळावा. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची अक्षरे असतात, लष्करी काडतुसावर बहुधा सालही असते. पुणे जिल्ह्यात खडकीच्या १८६९ साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची ‘के.एफ.’ ही अक्षरे त्यावर वारंवार दिसतात. ही काडतुसे शस्त्र कुठल्या काळात वापरात होते याची साक्ष देतात. ते केव्हा बनले याची नाही. जुनी काडतुसे बाळगणे हाही परवान्याचा विषय आहे, ती उडवून पाहणे जिवावर बेतू शकते, आणि त्यांची जागा पोलीस ठाण्यातच आहे.

ज्या घरात असे रिव्हॉल्व्हर असेल त्या घराने प्रथम ते कायदेशीर ताब्यात आहे की नाही याची खात्री करावी आणि नसल्यास विलंब न लावता जमा करावे. त्यावर पॉलिशचा कागद फिरवू नये. शस्त्र-दुकानदाराकडे किंवा ठाण्यात ते उघडले जाईल तेव्हा नळीवरचा पत्ता, चौकटीवरचा क्रमांक, मुठीचा तळ, कोठाराची मागची बाजू आणि प्रत्येक लहान ठसा यांची तिरक्या उजेडात स्वच्छ छायाचित्रे काढून ठेवावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजोबांची फाटकी परवाना-पुस्तिका, दुकानाची जुनी पावती, रवानगीचे पत्र हे कागद रद्दीत घालू नयेत. शस्त्र सरकारजमा झाले किंवा विकले गेले तरी त्याचा इतिहास या कागदांत राहतो, आणि हे कागद घरात ठेवायला कोणत्याही परवान्याची गरज नाही.